अणे यांच्या नावातला ‘वाय’ : इंग्रजीचे लांब-आखूड स्वर आणि यवतमाळची नावे

१/ १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रहाला आरंभ झाला. त्याचे अग्रणी होते लोकनायक माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे. जन्म वणीचा, वकिली यवतमाळची. ‘अणे’ हे मराठीत दोन अक्षरांचे आडनाव. इंग्रजी कागदपत्रांत मात्र ते ‘ए-एन-ई-वाय’ असे चार अक्षरांनी लिहिलेले आढळते. शेवटचा ‘वाय’ मराठी आडनावात कुठेच नाही. मग तो तेथे काय काम करतो? उत्तरासाठी इंग्रजी स्वरांच्या सहाशे वर्षांच्या इतिहासात डोकवावे लागते, आणि तेथून परतताना यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक प्रत्येक गावाच्या पाटीपाशी थांबावे लागते. त्याविषयी हा धागा.

२/ प्रथम तो ‘वाय’ पुसून पाहावा. उरते ‘ए-एन-ई’. मराठी वाचक त्याला ‘अने’ म्हणेल; इंग्रजी वाचक मात्र ‘लेन’, ‘केन’, ‘प्लेन’ या शब्दांच्या सवयीने सरळ ‘एन’ म्हणेल. शेवटचा ‘ई’ त्याच्या लेखी मुका आहे. तो स्वतः उच्चारला जात नाही, मागच्या स्वराला तेवढे ‘लांब’ करतो. ‘वाय’ जोडला की तो ‘ई’ मुका राहत नाही, आडनावाचा दुसरा स्वर वाचतो. पण रक्षण अर्धवटच होते. ‘मनी’, ‘हनी’ या शब्दांच्या शेवटीही हीच दोन अक्षरे येत असल्याने अनोळखी इंग्रज त्याला ‘एनी’ म्हणू शकतो. ‘ण’ तर आधीच गळालेला असतो.

३/ हा मुका ‘ई’ इंग्रजी शाळेत लांब-आखूड स्वरांच्या धड्यात शिकवला जातो. जोड्या ठरलेल्या आहेत : हॅट आणि हेट, बिट आणि बाइट, हॉप आणि होप, कट आणि क्यूट. प्रत्येक जोडीतला पहिला स्वर ‘शॉर्ट’, दुसरा ‘लाँग’. मराठी शाळेत या शब्दांचे भाषांतर सहजच ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ असे होते, आणि तेथेच गोंधळाचा पाया घातला जातो. ‘अ’ दीर्घ झाला तर ‘आ’ होतो, हे मराठी मूल जाणते. ‘ॲ’ दीर्घ झाल्यावर ‘ए’ कसा होईल? ‘इ’ लांबवली तर ‘आय’ कुठून येईल? मुलाची शंका रास्त असते. ‘पाठ करा’ हे तिचे उत्तर नव्हे.

४/ खरे उत्तर इतिहासात आहे. इंग्रज कवी चॉसर इ. स. १४०० मध्ये वारला. त्याच्या काळी इंग्रजीचे लांब स्वर खरोखरच लांब होते; म्हणजे तोच स्वर, अधिक वेळ उच्चारलेला. आज ‘नेम’ म्हटला जाणारा शब्द तेव्हा जवळजवळ ‘नाम’ असा, शेवटी पुसटसा ‘अ’ घेऊन, उच्चारला जाई. ‘बाइट’चा उच्चार ‘बीट’च्या जवळ होता, ‘शीप’चा ‘शेप’च्या, ‘मून’चा ‘मोन’च्या आणि ‘हाउस’चा ‘हूस’च्या. रोमन अक्षरे तेव्हा युरोपातील इतर भाषांतल्यासारखीच वाचली जात. त्या काळचा इंग्रज ‘ए-एन-ई’ पाहून ‘एन’ म्हणाला नसता.

५/ त्यानंतरच्या सुमारे तीनशे वर्षांत लांब स्वरांची जागाच बदलली. जीभ तोंडात एकेक पायरी वर चढत गेली : ‘आ’ चा ‘ए’कडे प्रवास झाला, ‘ए’ चा ‘ई’कडे, ‘ओ’ चा ‘ऊ’कडे. ‘ई’ आणि ‘ऊ’ आधीच सर्वांत वरच्या पायरीवर होते. त्यांना आणखी वर जागा नव्हती, म्हणून ते फुटून ‘आय’ आणि ‘आउ’ झाले. आखूड स्वर मात्र बरेचसे जागच्या जागी राहिले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन याने या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिले.

६/ दुर्दैव असे की याच काळात छपाई आली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला आणि शब्दांची लेखी रूपे हळूहळू गोठू लागली. उच्चार पुढे चालत राहिला, अक्षरे मागे राहिली. शब्दाच्या शेवटचा ‘ई’ एकेकाळी ऐकू येत असे. तो बोलण्यातून गेला, पण ‘मागचा स्वर लांब’ अशी खूण म्हणून कागदावर उरला. आजचे इंग्रजी लेखन म्हणजे अशा जुन्या खुणांचा नकाशा आहे. वाटा बदलल्या, नकाशा तोच राहिला.

७/ म्हणून इंग्रजीतील ‘लाँग’ हा शब्द आज ध्वनीचे वर्णन करीत नाही. तो त्या स्वराचा इतिहास सांगतो. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतही केवळ काळाचा फरक नाही. जिभेची ठेवण निराळी आहे. म्हणूनच मराठी मुलाने ‘शिप’मधली ‘इ’ कितीही ताणली, तरी तिचे ‘शीप’ होत नाही. या स्वरांना ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ म्हणणे मराठी शाळांनी सोडून द्यावे. ‘पूर्वी लांब असलेले आणि नंतर बदललेले स्वर’ एवढे एक वाक्य सांगितले, तरी वर्गातील निम्मे कोडे सुटेल.

८/ मराठीची स्वतःची ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था अगदी वेगळी आहे. ‘अ’ आणि ‘आ’ यांतील भेद अर्थ बदलतो : कळ आणि काळ, मळ आणि माळ, घर आणि घार. इकार-उकारांचे मात्र तसे नाही. मराठी बोलण्यात त्यांची लांबी बहुधा शब्दातील जागेवरून ठरते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, तेही याच धोरणाचे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘वणी’ आणि ‘आर्णी’. अकारान्त शब्दातील त्याच्या आधीचा दीर्घ, म्हणून ‘केळापूर’मधला ‘पूर’. या व्यवस्थेबद्दल मतभेद अनेक आहेत. पण ‘माळ’ लिहिलेले कोणी ‘मळ’ वाचत नाही.

९/ आता या दोन व्यवस्थांची गाठ पडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला : हिंदुस्थानातील हजारो गावांची आणि माणसांची नावे रोमन अक्षरांत लिहायची कशी? एक मार्ग होता कानाला ऐकू येईल ते इंग्रजी शब्दांच्या धर्तीवर लिहिण्याचा. दुसरा होता प्रत्येक देशी अक्षरासाठी एक रोमन अक्षर कायम ठरवण्याचा. पहिल्याला इंग्रजांचा कान प्रमाण, दुसऱ्याला मूळ लिपी प्रमाण. पुढची शंभर वर्षे हा वाद चालला आणि त्याच्या खुणा आजही मराठी पाट्यांवर आहेत.

१०/ पहिल्या मार्गाचा मोठा पुरस्कर्ता जॉन गिलख्रिस्ट. हा मूळचा शल्यवैद्य. १८०० साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदुस्थानीचा प्राध्यापक झाला. त्याच्या पद्धतीत ‘अ’साठी ‘यू’ (जसा ‘कट’मध्ये), ‘ई’साठी दोन ‘ई’ आणि ‘ऊ’साठी दोन ‘ओ’. वर्ध्याचा ‘डब्ल्यू-यू-आर-डी-ए-एच’ आणि पुण्याचा ‘पी-डबल-ओ-एन-ए’ ही रूपे याच विचाराच्या घराण्यातली. नागपूरच्या जुन्या लेखनातील ‘पी-ओ-आर-ई’ तर सिंगापूरच्या इंग्रजी नावात आजही जिवंत आहे, शेवटच्या मुक्या ‘ई’सह.

११/ दुसऱ्या मार्गाचा प्रवर्तक सर विल्यम जोन्स. एशियाटिक सोसायटीच्या १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात त्याचा या विषयावरचा निबंध आहे. त्याने स्वरांची मूल्ये इटालियनसारखी धरली : ‘ए’ अक्षर म्हणजे ‘अ’ किंवा ‘आ’, ‘आय’ अक्षर म्हणजे ‘इ’ किंवा ‘ई’. थोडक्यात, इंग्रजी स्वर बदलण्यापूर्वीची मूल्ये. पण यात एक अट होती. ऱ्हस्व आणि दीर्घ यांसाठी अक्षर एकच असल्याने दीर्घ स्वरावर खूण करणे आवश्यक होते. खूण गेली की भेदही गेला.

१२/ सरकारी पातळीवर शेवटी दुसरा मार्ग जिंकला. विल्यम विल्सन हंटर याने १८७१ मध्ये हिंदुस्थानातील विशेषनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका काढली, आणि जोन्सच्या पद्धतीवर बेतलेले हे ‘हंटेरियन’ लेखन सरकारी व्यवहारात रुजले. त्यातही तडजोड होतीच. मुंबई, कलकत्ता अशा रूढ झालेल्या नावांची जुनी रूपे तशीच ठेवली गेली. परिणामी एकाच नकाशावर दोन पद्धती शेजारी शेजारी नांदू लागल्या. कोणते नाव कोणत्या पद्धतीने वाचायचे, हे नकाशा सांगत नाही.

१३/ यवतमाळची कथा या दोन पद्धतींच्या मधोमध घडते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. आज यवतमाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे नाव तेव्हा वणीवरून पडले होते. इंग्रजी दफ्तरात ते ‘डब्ल्यू-यू-एन’ असे तीन अक्षरी. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, बासीम म्हणजे वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. इंग्रजीत मात्र ते ‘वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल’ असे उमटले.

१४/ ‘डब्ल्यू-यू-एन’ हे लेखन पाहून आजच्या अभ्यासकाने काय उच्चारावे? मधला ‘यू’ गिलख्रिस्टच्या चालीने वाचला तर ‘वन’ किंवा ‘वण’, हंटरच्या चालीने वाचला तर ‘वुन’ किंवा ‘वून’. शेवटचा ईकार तर कुठेच नाही. गाव माहीत असलेल्यालाच ते ‘वणी’ आहे हे कळते. हा साधा तपशील नाही. १९०५ पूर्वीची इंग्रजी कागदपत्रे ‘यवतमाळ’ या नावाखाली शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. जिल्हा तेथेच असतो, पण तो तीन अक्षरांच्या पडद्याआड असतो.

१५/ ‘यवतमाळ’चे जुने इंग्रजी रूप अधिक बोलके आहे. त्यातल्या ‘ई-ओ’चे नाते गावाच्या ‘येवत’ या जुन्या नावाशी आहे. ‘आईन-ए-अकबरी’त या परगण्याचा उल्लेख ‘योत-लोहारा’ असा येतो, आणि लोहारा आजही यवतमाळला लागून आहे. शिवाय वऱ्हाडातील इंग्रजी लेखनात ‘व’च्या जागी ‘ओ’ येण्याची रीतच दिसते. अमरावतीचे जुने रूप ‘ए-एम-आर-ए-ओ-टी-आय’. पांढरकवड्याच्या इंग्रजी नावात ‘के-ए-ओ-डी-ए’ आजही दिसते. स्वरांमध्ये सापडलेला ‘व’ बोलताना सैल होतो आणि ‘ओ’कडे झुकतो, हे वऱ्हाडी कानाला नवीन नाही. ज्याला आज विद्रूप रूप म्हणून हिणवले जाते, त्यात कधीकधी जुन्या बोलीची छाया असू शकते.

१६/ येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १९०८ च्या सुमारास निघालेल्या ‘इम्पीरियल गॅझेटियर’च्या आवृत्तीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ छापलेली आहे. ‘माळ’मधल्या ‘आ’वर ती रेघ, ‘बेरार’मधल्या ‘आ’वरही ती रेघ. ‘ळ’ हरवला असला, तरी ‘मल’ की ‘माल’ हा संशय राहत नाही. परक्या राज्यकर्त्यांच्या एका संदर्भग्रंथाने मराठी गावाच्या आकाराची एवढी तरी बूज राखली. पुढे टंकलेखन यंत्रावर त्या रेघेसाठी कळ नव्हती, रोजच्या छपाईला तिची गरज वाटली नाही, आणि ती गळून पडली.

१७/ स्वातंत्र्योत्तर काळात ‘वाय-ई-ओ’ जाऊन ‘वाय-ए-व्ही-ए-टी-एम-ए-एल’ रूढ झाले. हे पाऊल योग्य दिशेचे होते. नाव मराठी लेखनाच्या जवळ आले. पण रेघ परत आली नाही. आता या नावात तीन वेळा ‘ए’ येतो. पहिले दोन ‘अ’, तिसरा ‘आ’. हे अक्षरांवरून समजायचा कोणताही मार्ग नाही. ‘यावतमल’, ‘यवातमल’, ‘यवतमाल’ ही सगळी वाचने त्या लेखनात सारख्याच हक्काने बसतात. योग्य वाचन फक्त त्यालाच जमते, ज्याला नाव आधीपासून ठाऊक आहे. अशा लेखनाला नावाची नोंद म्हणता येत नाही. ती केवळ आठवण करून देणारी खूण ठरते.

१८/ तालुक्यांची नावे याच चाळणीतून काढून पाहावीत. ‘राळेगाव’च्या रोमन रूपातील पहिली चार अक्षरे इंग्रज ‘मेल’, ‘टेल’ या चालीवर ‘रेल’ वाचेल. ‘मारेगाव’ची पहिली चार अक्षरे म्हणजे तर इंग्रजीत घोडी. ‘नेर’ पाहून त्याच्या तोंडी ‘हर’ या शब्दाशी जुळणारे काहीतरी येईल. ‘पुसद’मधला ‘यू’ तो ‘क्यूट’सारखा ‘प्यू’ करील. ‘वणी’चा ‘ए’ त्याला ‘वाणी’कडे नेईल. नाशिक जिल्ह्यातील ‘वणी’ इंग्रजीत बहुधा ‘व्ही’ने लिहितात आणि यवतमाळमधील ‘डब्ल्यू’ने. मराठीत एकच असलेल्या नावाची इंग्रजीत दोन रूपे, आणि दोन्हींत ‘ण’ही नाही, ‘अ’ही निश्चित नाही.

१९/ गावांसारखेच माणसांचे. एकारान्त आडनावे ही मराठीची ओळख, आणि नेमका शेवटचा ‘ई’ इंग्रजीत मुका. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचे आडनाव इंग्रज लेखक शेवटी दोन ‘ई’ घालून ‘टोपी’सारखे लिहीत. निदान तो स्वर मुका तरी राहिला नाही. आज अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना रोज हा अनुभव येतो. मोरे यांचे ‘मोर’ होते, साने यांचे ‘सेन’, दाते यांचे ‘डेट’, माने यांचे ‘मेन’, आणि काळे यांचे एका पालेभाजीचे नाव. सहाशे वर्षांपूर्वी मिटलेल्या एका इंग्रजी स्वराची किंमत या घरांतील मुले शाळेच्या हजेरीत मोजतात.

२०/ जोडस्वरांचेही तेच. दीर्घकाळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्यांच्या आडनावातील ‘ए-आय’ म्हणजे ‘आ’ आणि ‘ई’ असे दोन वेगळे स्वर. इंग्रजीत हीच जोडी ‘रेन’, ‘ट्रेन’ या शब्दांत ‘ए’ उच्चारली जाते. त्यामुळे ‘नाईक’ हे ‘नेक’ व्हायला वेळ लागत नाही. मराठी माणूस तसे वाचत नाही, कारण त्याला हे आडनाव माहीत आहे. प्रश्न अनोळखी वाचकाचा आहे, आणि आता अनोळखी यंत्राचाही.

२१/ इंग्रजांनी चुकीचे उच्चार केले, एवढ्यावर हा विषय थांबला असता तर तो गमतीचा राहिला असता. खरी अडचण परतीच्या प्रवासात आहे. आता नाव प्रथम रोमन अक्षरांत नोंदले जाते आणि त्यावरून यंत्र ते पुन्हा देवनागरीत आणते. यंत्रापुढे ‘डी-ए-आर-डब्ल्यू-एच-ए’ असते. ते ‘दारव्हा’ की ‘दरव्हा’? ‘घाटंजी’ की ‘घटंजी’? ‘कळंब’ की ‘कालंब’? एकदा गमावलेली लांबी यंत्राला अंदाजानेच भरावी लागते. अंदाज चुकला, तर चुकीचे रूप देवनागरीत छापलेले म्हणून अधिकृत वाटू लागते.

२२/ याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. प्रसिद्ध नावांच्या चुका कोणीतरी दुरुस्त करते. यवतमाळच्या कोलाम पोडांतील, गोंड वस्त्यांतील आणि बंजारा तांड्यांतील नावांना असा कोणी वाली नसतो. ‘मडावी’ रोमनमध्ये जाऊन ‘मादवी’ किंवा ‘माडवी’ होऊन परतू शकते. ‘आत्राम’चे ‘अत्रम’ होऊ शकते. सातबाऱ्यावर एक रूप, बँकेच्या पुस्तकावर दुसरे आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरे, असे झाले की माणूस तोच असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच येते. शपथपत्र, फेऱ्या आणि बुडालेली मजुरी ही एका हरवलेल्या काना-मात्रेची किंमत असते.

२३/ यावर दोन आक्षेप येतात. पहिला : मराठीच्याच ऱ्हस्व-दीर्घात एवढा गोंधळ, तर रोमनला दोष का? ‘बाभुळगाव’ की ‘बाभूळगाव’, हा वाद घरचाही आहेच. आक्षेप खरा, पण तो इकार-उकारापुरता. त्या वादातील कोणतेही रूप मोठ्याने वाचले तरी गाव ओळखू येते. ‘अ’ आणि ‘आ’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांबाबत देवनागरीत संदिग्धता नाही. दुसरा आक्षेप : आता सगळी स्पेलिंगे बदलायची का? मुळीच नाही. वारंवार बदललेले लेखन हा नोंदींचा आणखी एक शत्रू आहे. रूढ रोमन रूपे राहू द्यावीत. त्यांना मूळ नाव मानू नये, इतकेच.

२४/ येथे मराठीच्या वृत्तीशी तुलना करण्याजोगी आहे. इंग्रजीतून ‘बॅट’, ‘डॉक्टर’ असे शब्द आले, तेव्हा मराठीपाशी त्या स्वरांसाठी अक्षरे नव्हती. मराठीने अर्धचंद्र वापरून ‘ॲ’ आणि ‘ऑ’ घडवले, आणि २००९ च्या शासन निर्णयाने त्यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली. म्हणजे परक्या भाषेच्या दोन स्वरांसाठी मराठीने आपली बाराखडी वाढवली. त्याच काळात आपल्या स्वतःच्या ‘आ’साठी रोमन अक्षरावर एक आडवी रेघ मागण्याचे मात्र तिला सुचले नाही. पाहुण्याला पाट आणि घरच्याला उंबरा, असा हा व्यवहार आहे.

२५/ उपाय अवघड नाहीत. प्रत्येक शासकीय यादीत देवनागरी नाव मूळ मानावे आणि रोमन रूप त्यावरून काढावे. उलट कधीही करू नये. मार्गदर्शक फलक, गॅझेटियर आणि पाठ्यपुस्तके यांत दीर्घ ‘आ’वर रेघ द्यावी, आजच्या संगणकावर ती सहज उमटते. यात परंपरेचाही आधार आहे. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा अर्थ इंग्रजीत दिले, पण मराठी शब्द देवनागरीतच ठेवले. इंग्रजी वाचकासाठी कोश करणाऱ्यालाही मराठी शब्दाचे घर कोणते, हे उमगले होते.

२६/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी शेवटची सूचना. जुन्या इंग्रजी दफ्तरात शिरण्यापूर्वी आपल्या गावाच्या नावाची सगळी संभाव्य रूपे लिहून काढावीत : गिलख्रिस्टच्या चालीचे, हंटरच्या चालीचे, ‘व’च्या जागी ‘ओ’ असलेले, शेवटचा स्वर गळालेले. ‘यवतमाळ’ सापडले नाही तर ‘येओतमाल’ पाहावे, तेही नसेल तर ‘वुन’. आणि सापडलेले नाव वहीत उतरवताना दफ्तरातील रूपाशेजारी देवनागरी रूप आवर्जून लिहावे, ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्यासह, गावातील जाणत्या माणसाला विचारून. पुढच्या अभ्यासकाला त्या वहीतून निदान ‘मल’ की ‘माळ’ हे कळेल.